उशाशी ठेवलेलं पुस्तक

नैराश्य आणि वाचन हे दोन शब्द एका वाक्यात आले की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एका बाजूने याद्या फिरू लागतात: खचलेल्या मनाला उभारी देणारी दहा पुस्तकं, आयुष्य बदलून टाकणारी पाच चरित्रं, आणि खाली ठरलेली पुस्ती की गोळ्या खाण्यापेक्षा वाचन केव्हाही चांगलं. दुसऱ्या बाजूने तितक्याच चिडीने उत्तर येतं: मधुमेह झालेल्याला तुम्ही कादंबरी वाचायला सांगता का? नैराश्य हा आजार आहे, उपचार घ्या, पुस्तकं राहू द्या. पहिलं म्हणणं धोक्याचं आहे आणि दुसरं अपुरं. दोघांची चूक मात्र एकच. दोघंही पुस्तकाकडे औषध म्हणूनच बघतात. एक म्हणतो लागू पडतं, दुसरा म्हणतो पडत नाही. पण आजाऱ्याच्या खोलीत औषधाशिवायही बरंच काही लागतं. पेज लागते, धुतलेली चादर लागते, कुणीतरी जवळ बसलेलं लागतं. पेज दिल्याने तापाचा जंतू मरत नाही, म्हणून पेज देऊ नका असं कुठला डॉक्टर सांगतो? नैराश्यातल्या माणसाने दिलाशासाठी वाचणं हे त्या पेजेसारखं आहे, असं माझं मत आहे. ती उपचाराची जागा घेत नाही आणि उपचार चालू आहेत म्हणून ती फालतूही ठरत नाही. मात्र पेज किती पातळ असावी, किती द्यावी, केव्हा देऊ नये याची एक समज लागते. वादात नेमकं त्यावरच कुणी बोलत नाही.

मुळात हा आजार ज्या क्षमतांवर घाव घालतो त्यांत वाचन फार वरच्या क्रमांकावर आहे. जगभरच्या दवाखान्यांत पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला याला ० ते ३ गुण द्यायचे, बेरीज जास्तीत जास्त २७. तिचा सातवा प्रश्नच असा आहे की वर्तमानपत्र वाचणं किंवा टीव्ही पाहणं अशा गोष्टींत लक्ष लागायला त्रास होतो का. म्हणजे वाचता न येणं हे या आजाराचं लक्षण म्हणून नोंदवलं जातं. ओळ डोळ्यांखालून जाते पण अर्थ लागत नाही, तीच ओळ चौथ्यांदा वाचावी लागते, पान उलटेपर्यंत पात्रांची नावं पुसली जातात. अशा माणसाच्या हातात साडेतीनशे पानांचं प्रेरणादायी चरित्र देणं म्हणजे प्लॅस्टरमधल्या पायाला पर्वती चढायला लावणं. तो चढू शकत नाहीच, वर त्याचं मन, जे आधीच स्वतःविरुद्ध हिशेब मांडून बसलेलं असतं, वहीत आणखी एक नोंद करतं: साधं पुस्तकसुद्धा वाचून होत नाही माझ्याच्याने. याद्या देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण ही इजा ते करतात, आणि ती त्यांना दिसत नाही.

या बाबतीत एक जुनी साक्ष फार मोलाची आहे. ज्याच्या ग्रंथांवर आगरकरांची पिढी पोसली तो इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत काम करत होता. १८२६ च्या शरद ऋतूत, विशीत, त्याचं मन एकाएकी विझलं. त्याच्या मृत्यूनंतर १८७३ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने त्या काळाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यात पहिली गोष्ट अशी की आजवर ज्या थोर, उदात्त पुस्तकांतून त्याला बळ मिळायचं ती पुस्तकं त्याने मुद्दाम काढून वाचली आणि ती निर्जीव वाटली. पुढे काही महिन्यांनी एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, वडील वारल्यावर घरच्यांना आधार द्यायला उभा राहिलेल्या पोराचा प्रसंग आला आणि त्याला रडू आलं. रडू येतंय म्हणजे आपण दगड झालेलो नाही, एवढंच त्याला त्यातून समजलं, आणि तेवढंही त्याला पुरलं. मग त्याने बायरन वाचून पाहिला. त्याचा उपयोग झाला नाही, कारण कवीची मनःस्थिती अगदी त्याच्याच मनःस्थितीसारखी होती. १८२८ च्या शरदात वर्ड्‌स्वर्थच्या कविता हाती आल्या. डोंगर, शांत भावना, साधी माणसं. त्यांनी त्याला आराम दिला. मिलने तर त्यांना औषधच म्हटलं आहे, आणि याद्यावाले त्याचा तेवढाच शब्द उचलतील. पण अख्खी हकीकत वाचली तर काय दिसतं? दोन वर्षं लागली. थोर पुस्तकं निकामी ठरली, दुःखाला दुःख जोडणारं पुस्तक निकामी ठरलं, आणि जे उपयोगी पडलं ते आधी कुणालाच सांगता आलं नसतं. शिवाय मिल आणखी एक गोष्ट लिहितो जी सहज नजरेतून सुटते: हे दुःख ज्याच्यापाशी बोलावं असं त्या वेळी त्याला कुणी नव्हतं.

आता विरोधकांचा एक मजबूत मुद्दा. पुस्तकाने नैराश्य कमी होतं याचे प्रयोग झालेले आहेत, मग त्याला नुसती पेज का म्हणायचं? हे खरं आहे, पण कोणतं पुस्तक, ते बघायला हवं. अमेरिकेत १९८७ साली नैराश्य असलेल्या वयस्कर माणसांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला स्वतःचे विचार लिहून तपासायचे व्यायाम असलेलं पुस्तक दिलं होतं. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिलं होतं नाझी छळछावणीतून जिवंत सुटलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञाचं जगप्रसिद्ध पुस्तक, जे आजही जवळपास प्रत्येक यादीत असतं. सरस ठरला तो व्यायामांचा गट. जे पुस्तक आपण ‘वाचाच’ म्हणून पुढे करतो, ते त्या प्रयोगात जवळजवळ साखरेच्या गोळीच्या जागी वापरलं होतं! त्या पुस्तकाची थोरवी याने कमी होत नाही, पण थोर असणं आणि आजारात उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तरी कळावं. व्यायामांची पुस्तकं हा एक प्रकारचा उपचारच आहे. वेल्समधल्या कार्डिफमध्ये २००३ साली डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुस्तक लिहून द्यायचं आणि ग्रंथालयाने ते द्यायचं अशी योजना सुरू झाली. २०१३ पासून इंग्लंडभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांत तसा उपक्रम चालतो. तिथल्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वं सौम्य नैराश्यात अशा साहित्याची शिफारस करतात, पण सोबत प्रशिक्षित माणसाच्या साधारण ६ ते ८ भेटी असाव्यात असं बजावून. कारण माणूस वगळला की काय होतं हेही तपासलेलं आहे. २०१५ साली ब्रिटनमध्ये संगणकावरचे असेच स्वयंमदतीचे कार्यक्रम रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बहुतेकांनी ते थोडेसे वापरून सोडून दिले होते. व्यायामाचं पुस्तक समुपदेशकाबरोबर वापरावं. एकट्याने उशाशी ठेवायचं पुस्तक निराळं. या दोन्हींना ‘ग्रंथोपचार’ या एकाच नावाने हाक मारल्यामुळे निम्मा गोंधळ झाला आहे. ‘बिब्लिओथेरपी’ या ज्या इंग्रजी शब्दाचं हे भाषांतर, तो १९१६ साली एका अमेरिकन पाद्र्याने अटलांटिक मासिकातल्या विनोदी निबंधात पहिल्यांदा वापरला होता, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे: वाचनाच्या नादात उपचार लांबतात. आपल्याकडे २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांत शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेले नाहीत असं त्यात दिसलं. अशा देशात ‘गोळ्यांपेक्षा पुस्तक बरं’ असं लिहिणं हा बेजबाबदारपणा आहे, त्याला दुसरा शब्द नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, जेवणखाण सुटलं असेल, रात्रीमागून रात्री झोप नसेल, कानात आवाज येत असतील, तर पुस्तकाचा विषयच काढू नये. थेट डॉक्टर, नाहीतर निदान १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पण उपचार लांबतात ते खरोखर पुस्तकांमुळे का? तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नसतो, जिल्हा रुग्णालयाला जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द अजून घराघरांत जिवंत आहे. यातली एकही अडचण पुस्तक वाचू नका म्हटल्याने दूर होत नाही.

आणि उपचार सुरू झाले म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पुरता गुण यायला त्याहून जास्त. आधी कोरड पडणं, मळमळ, झोपाळूपणा असे त्रासच पुढे येतात आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून गोळ्या सोडून देणाऱ्यांची संख्या याच टप्प्यावर मोठी असते. समुपदेशकाची भेट आठवड्यातून एकदा, पाऊण तास. उरलेल्या १६७ तासांचं काय? दुपारचे चार ते सहा कसे काढायचे? ‘पुस्तकं राहू द्या’ म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर नसतं. पेजेची जागा ती इथे. माणूस बरा होईपर्यंतचा वेळ निभावून नेणं ही काही लहान गोष्ट नाही.

मग ते वाचन करायचं कसं? पहिला नियम मापाचा. तासाच्या नव्हे, १० मिनिटांच्या मापाने मोजावं, नाहीतर २ पानांच्या. जे आधी संपेल ते. गजर लावावा आणि गजर झाल्यावर मजा येत असली तरी थांबून बघावं, कारण उद्याकरता थोडी ओढ शिल्लक राहिली तर उद्या पुस्तक उचललं जातं. वेळ रोज तीच ठेवावी. तीव्र नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात जड असते आणि संध्याकाळकडे मन जरासं हलकं होतं. अशांनी सकाळी लवकर उठून वाचायचा संकल्प करूच नये, तो हमखास मोडतो. जागा अंथरुणाबाहेरची असावी, खुर्ची किंवा ओटा, आणि फोन दुसऱ्या खोलीत. ओळ निसटत असेल तर वाचत्या ओळीखाली पोस्टकार्ड धरून सरकवत न्यावं. हे पहिलीतल्या पोराचं साधन आहे म्हणून लाजायचं कारण नाही. दमलेल्या नजरेला एका वेळी एकच ओळ दिसली तर ती टिकते. थांबताना खुणेच्या कागदावर एक ओळ लिहून ठेवावी, ‘काका गावाहून आलेत, पत्र अजून उघडलेलं नाही’ अशी. दुसऱ्या दिवशी आठवत नाही म्हणून मागे जावं लागत नाही. आणि अक्षर खरोखरच पुसट दिसत असेल तर आधी ती गोष्ट डॉक्टरांना सांगावी. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्यांनी जवळचं दिसणं काही काळ अंधूक होतं. चाळिशीचा चष्मा बदलायचा राहून गेलेला असतो तेही कारण निघतं. ‘वाचनातली गोडीच गेली’ असं समजून कित्येक जण महिनेच्या महिने कुढत बसतात, आणि बिचाऱ्यांना नंबर बदलायचा असतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

पुस्तक कोणतं? आधी वाचलेलं. हे ऐकायला फार साधं वाटतं पण यामागे ठोस कारण आहे: कथा ठाऊक असली की स्मरणशक्तीवर ताण येत नाही, मध्येच धागा तुटला तरी हरवल्यासारखं होत नाही आणि पुढे काय वाढून ठेवलंय याची धास्ती नसते. आजारी मनाला अनिश्चिततेचाच तर ताप असतो. नसेल काही वाचलेलं, तर तुटक तुटक वाचता येईल असं. शब्दचित्रं, विनोदी लेख, झाडापाखरांची माहिती, पाककृती, प्रवासाच्या टिपणांची छोटी प्रकरणं, मुलांची पुस्तकं. जुने दिवाळी अंक यासाठी उत्तम. कुठूनही उघडावं, चार पानांत मजकूर संपतो, पूर्ण करायचं ओझं नाही. पुस्तक अर्धवट सोडायची परवानगी स्वतःला आधीच देऊन ठेवावी. एक छोटी चाचणीही करावी: वाचायच्या आधी आणि नंतर मनाचा जडपणा ० ते १० मध्ये किती, ते वहीच्या मागच्या पानावर लिहावं. आकडा सातावरून सहावर आला तरी पुष्कळ झालं. एकाच पुस्तकाने तीनदा आकडा वर चढला तर ते कितीही मोठ्या लेखकाचं असो, कपाटात ठेवून द्यावं. दोन आठवड्यांत कळतं की मनाला काय पचतंय. वर्तणुकीच्या उपचारांत रुग्णाला रोजच्या कामांसमोर असेच गुण लिहायला सांगतात, त्यामुळे ही वही समुपदेशकाला दाखवली तर त्यांनाही तिचा उपयोग होतो.

इथे मराठी वाचकाच्या मनातली एक जुनी अढी आड येते. हलकंफुलकं वाचणं म्हणजे वेळ घालवणं, रंजन म्हणजे उणं, असं आपल्याला शाळेपासून पटवलेलं असतं. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर फडके आणि खांडेकर यांच्या नावाने गेल्या शतकात केवढा वाद झाला! दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेला वाचक मात्र धडधाकट होता. ज्याला पलंगावरून उठून तोंड धुणं हेच दिवसाचं मोठं काम आहे, अशा माणसाच्या बाजूने कुणी तो प्रश्न विचारला नाही. त्याच्यासाठी रंजन हीच गरज असते. आपल्या दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ज्या मासिकातून सुरू केली त्याचं नाव ‘मनोरंजन’ होतं, आणि त्या शब्दाची त्या पिढीला लाज वाटत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांना खिशात मावतील अशी पुस्तकं फुकट वाटली. १९४३ ते १९४७ मध्ये सुमारे १२ कोटी प्रती. त्यांत मोठं साहित्य होतं तसे रहस्यकथा, घोडेस्वारांच्या कथा, विनोद हेही भरपूर होतं. मरणाच्या छायेतल्या माणसाला काय हवं असतं हे वाटणाऱ्यांनी ओळखलं होतं. त्याला कुणी पळपुटेपणा म्हणालं नाही. मग तेच सोलापूरच्या एखाद्या कारकुनाने किंवा नाशिकच्या एखाद्या विद्यार्थिनीने केलं तर त्याला पळपुटेपणा का म्हणायचं?

तरी या आरोपात तथ्याचा एक अंश आहे, तो नाकारता येणार नाही. वाचन हे लपायचं ठिकाण होऊ शकतं. दिवसाचे आठ आठ तास दार लावून कादंबऱ्या, जेवण टाळलेलं, कुणाचा फोन घ्यायचा नाही, अंघोळ नाही: हे दिलाशाचं वाचन नाही, इथे आजाराने पुस्तकाचा आडोसा घेतला आहे. ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तक खाली ठेवल्यावर माणूस पुढचं छोटं काम करायला उठतो का? चहा ठेवतो, गॅलरीत जातो, कुणाशी दोन शब्द बोलतो? तसं होत असेल तर वाचन कामाचं. दिवसेंदिवस तसं होत नसेल तर डॉक्टरांना सांगावं. रात्रीचं वाचन हा दुसरा खड्डा. झोप येत नाही म्हणून दोन वाजता दिवा लावून वाचायचं, मग सकाळी दहाला उठायचं, की झोपेचं घड्याळ आणखी बिघडतं आणि त्यासोबत मनही. रात्री ऐकणं बरं: ओळखीचं कथाकथन, आवाज कमी, १५ मिनिटांनी आपोआप बंद होईल असं लावून.

आणि तिसरी गोष्ट, सर्वांत नाजूक. काही पुस्तकं या अवस्थेत टाळायचीच. ज्यात आत्महत्या तपशिलाने किंवा गौरवाने रंगवली आहे ते साहित्य बरं होईपर्यंत दूर ठेवावं. १७७४ साली आलेल्या जर्मन लेखक गटेच्या कादंबरीतला वेर्टर हा नायक आत्महत्या करतो, त्याचं तरुण मुलं अनुकरण करतील या भीतीने लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी आली होती. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, संशोधकांनी अनुकरणातून होणाऱ्या आत्महत्यांना त्याच नायकाचं नाव दिलं. मी बंदीच्या बाजूची नाही. पण पथ्य आणि बंदी यांत फरक असतो. कावीळ झालेल्याला तेलकट देऊ नये म्हटल्याने तेलाचा अपमान होत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांच्या अभ्यासात असं आढळलं की जगणं नकोसं झालेली माणसं त्यातून कशी बाहेर आली हे सांगणारा मजकूर वाचकाला आधार देणारा ठरू शकतो. म्हणजे दुःखाचं पुस्तक नको असा नियम नाही. दुःखात अडकवून ठेवणारं नको. मिलला बायरन चालला नाही आणि पोरक्या मुलाचा प्रसंग चालला, त्यातलं अंतर हेच असावं.

विरोधकांचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. वाचन ही ज्यांना अक्षरओळख आहे, वेळ आहे, बसायला कोपरा आहे, त्यांची चैन आहे. दोन खोल्यांत सहा माणसं, चुलीपासून नळापर्यंत दिवस, तिथे बाई पुस्तक उघडणार केव्हा? खरं आहे. पण डोळ्यांनी, एकट्याने, मनात वाचणं हीच वाचनाची एकमेव रीत असं आपल्याकडे कधी होतं? पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी सासुरवास, मेलेलं मूल, दूरची आई हे सगळं ओव्यांत घातलं. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या आहेत. दुःख लयीत आलं की ते उचलता येतं, आणि समोर खुंट्याला दुसरा हात असला की आणखी हलकं होतं, हे त्या बायकांना कुणी शिकवायला लागलं नव्हतं. पारायणाचंही तसंच. ज्ञानेश्वरीच्या सप्ताहाची बांधणी श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून बघा: सात दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, रोज किती वाचायचं ते आधीच ठरलेलं, अर्थ नाही लागला तरी थांबायचं नाही, आणि भोवती मोठ्याने वाचणारी माणसं. ज्याचं मन उठायला तयार नाही त्याला उठवण्याची याहून चांगली रचना आजचा एखादा समुपदेशक तरी काय सुचवेल? गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी ६ ते ८ बैठकांत रुग्णांना छोटी छोटी कामं ठरवून पुन्हा करायला लावली. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ३९ टक्के. त्यात पुस्तकं नव्हती. पण ठरलेली छोटी कृती आणि शेजारी माणूस, ही दोन अंगं तीच आहेत.

म्हणून घरच्यांना एक विनंती. ‘वाच ना काहीतरी’ म्हणू नका. ‘वाचून दाखवू का?’ असं विचारा. १० मिनिटं, समोर न बसता शेजारी बसून, म्हणजे नजरेचा ताण येत नाही. ऐकणाऱ्याने डोळे मिटले तर मिटू द्या, झोप लागली तर उत्तमच. वाचून झाल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका, कारण त्याला उत्तर शोधायला लावणं हेही कामच आहे. मुलगी परदेशात एकटी असेल तर आईने फोनवरून रोज एक पान वाचावं. खाणंपिणं, गोळी यांच्या चौकशीखेरीज बोलायला दुसरं काहीतरी मिळतं. आणि वाढदिवसाला जिद्दीची, यशाची, संकटांवर मात केल्याची पुस्तकं भेट देणं वर्षभर थांबवा.

सार्वजनिक पातळीवर काय करता येईल हे अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी इथल्या एका ग्रंथपाल बाईंनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं आहे. सेडी पीटरसन डेलनी १९२४ साली कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या रुग्णालयात आल्या आणि १९५८ मध्ये वारल्या तोवर तिथेच राहिल्या. त्यांची पद्धत अशी की आधी माणसाची माहिती घ्यायची, डॉक्टरांशी बोलायचं आणि मग त्याला पुस्तक द्यायचं. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यामुळे गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, हजारोंच्या संख्येने. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल, वाचनालयाची खोली बहुधा असते. तिथे देवघेवीच्या टेबलाजवळ चाळीसेक पुस्तकांचा एक कप्पा पुरे: मोठा टाइप, छोटी प्रकरणं, जुने दिवाळी अंक. कप्प्यावर ‘नैराश्य’ असं लिहू नये, लहान गावात त्यासमोर कुणी उभंच राहणार नाही. ‘निवांत वाचन’ म्हणावं. प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला १४४१६ हा क्रमांक आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे वार चिकटवावेत, म्हणजे पुस्तक उपचाराच्या आड येण्याऐवजी त्याची वाट दाखवेल. कोण काय नेतं हे टेबलावर मोठ्याने बोलू नये. आठवड्यातून एकदा संध्याकाळी अर्धा तास कुणीतरी मोठ्याने वाचावं. ज्याला यायचं त्याने येऊन नुसतं बसावं, नाव नोंदवायची सक्ती नको. आणि एक गोष्ट तर उद्यापासून करता येईल, तिला अनुदानही लागत नाही. आजारात माणसाकडून पुस्तक परत करायचं राहून जातं, दंड चढत जातो, मग लाजेने तो वाचनालयाचा रस्ताच टाळतो. या कप्प्यातल्या पुस्तकांना दंड लावू नये, आणि तीन महिन्यांनी कुणी पुस्तक घेऊन आलं तर ‘इतके दिवस कुठे होतात?’ असं न विचारता ते जमा करून दुसरं पुढे करावं.